बुडालेल्यास श्वास : एका विद्येचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. शिडाची गलबते, बंदराचे भोंगे, भरती-ओहोटी या गोष्टी आमच्या धर्मग्रामातील बहुतेकांनी पुस्तकांतूनच जाणल्या आहेत. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील वाचकांना पाण्याचे भय जन्मतःच ठाऊक असते. आम्हां वऱ्हाडकरांना ते पावसाळ्यापुरते आठवते. तरीही या जिल्ह्याचे पाण्याशी असलेले नाते जुने आहे. सातपुड्याच्या दक्षिणेकडील सपाटीतून पूर्णा वाहते, बुलढाणा शहराजवळच्या अजिंठ्याच्या डोंगररांगांत पैनगंगा उगम पावते, दक्षिणेला खडकपूर्णा आहे. पूल झाले नव्हते तेव्हा पावसाळ्यात भोयांचा डोंगा हाच दोन तीरांमधला दुवा होता. आता पूल झाले. परंतु नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशी धरणेही झाली. त्या जलाशयांवर मासेमारीची नवी उपजीविका उभी राहिली. लाकडी डोंगा, थर्माकोलचा तराफा, ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब अशा साधनांवर माणसे पहाटे जाळी टाकायला जातात. वाऱ्याचा एक झोत आला की त्यांच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये फारसे काही उरत नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही धरणाकाठच्या एका वस्तीवर गेलो होतो. आमच्याच धर्मग्रामातील एक मासेमार आपल्या बारा वर्षांच्या मुलासह डोंग्यात होता. अवकाळी वारा सुटला आणि डोंगा उलटला. बाप पोहत राहिला. मुलगा दिसेनासा झाला. दोघा भोई तरुणांनी बुड्या मारून त्याला काही मिनिटांतच वर काढले. ज्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी प्रेमाने केले. कोणी घागर पालथी घालून त्यावर मुलाला पोटावर निजवले व पाठ दाबली. कोणी पाय धरून त्याला उलटे लटकावले. तोंडातून पाणी आले की लोक आशेने ओरडत. आम्हीही पोहोचलो, गुडघे टेकले, पवित्र तेल काढले, त्याच्या कपाळाला लावले आणि प्रार्थना म्हटली. मग जीप आली. दवाखान्यात पोहोचायला पाऊण तास लागला. डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि अतिशय शांतपणे एकच प्रश्न विचारला, “काठावर कोणी याला तोंडाने श्वास दिला होता का?”

कोणीच दिला नव्हता. आम्हीही नाही. आमच्या सेमिनरीत प्रथमोपचाराचे एक जुने पुस्तक होते, त्यात पालथ्या माणसाची पाठ दाबण्याची चित्रे होती. ती पद्धत कधीच मोडीत निघाली होती, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाने आम्हांला या विषयाच्या इतिहासाकडे वळवले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवण्यामागे विद्वत्तेचा हेतू नाही. बुडालेल्याला वाचवण्याची विद्या माणसाच्या हाती अनेकदा आली आणि अनेकदा निसटली. ती का निसटली हे कळले, तर पुढच्या वेळी काठावर उभे असलेल्यांच्या उपयोगी पडेल, एवढीच अपेक्षा आहे.

काठी आणि तोंड

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शूनेम येथील एका स्त्रीच्या मुलाची कथा आहे. मुलगा मरण पावतो आणि आई अलीशा संदेष्ट्याकडे धाव घेते. संदेष्टा आपला सेवक गेहजी याला काठी देऊन पुढे पाठवतो. गेहजी ती काठी मुलाच्या तोंडावर ठेवतो; ना आवाज, ना हालचाल. मग अलीशा स्वतः येतो, दार लावून प्रार्थना करतो आणि मुलावर ओणवा होतो : तोंडावर तोंड, डोळ्यांवर डोळे, हातांवर हात. मुलाचे शरीर ऊबदार होते. संदेष्टा उठून घरात येरझारा घालतो, पुन्हा ओणवा होतो, आणि मूल सात वेळा शिंकून डोळे उघडते.

ही कथा वैद्यकाचा पाठ म्हणून लिहिलेली नाही, हे आम्ही जाणतो. जीवन देणारा परमेश्वर आहे, हाच तिचा गाभा. परंतु मुलात प्राण परतला तो दुरून ठेवलेल्या काठीने नव्हे, तर जवळ आलेल्या देहाने, हे शास्त्रलेखकाने मुद्दाम नोंदवले आहे. प्रार्थना आणि श्वास यांत त्याला विरोध दिसत नाही. अलीशाने आधी प्रार्थना केली आणि लगेच तोंडाला तोंड लावले. त्या दिवशी धरणाच्या काठावर आमचे तेल आम्ही गेहजीच्या काठीसारखे वापरले.

दुसरा दाखला शिडाच्या जहाजाचा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाच्या जहाजफुटीचे वर्णन येते. प्राचीन नौकानयनाची इतकी तपशीलवार हकिकत क्वचितच आढळते. बंदिवान पौलाला रोमला नेणारे जहाज चौदा दिवस वादळात भरकटते. जहाजावर २७६ माणसे असतात. शेवटी ते वाळूत रुतून फुटते. पोहता येणारे आधी उड्या टाकतात; बाकीचे फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर तरंगत किनाऱ्याला लागतात. एकही जीव जात नाही. माल्टाचे रहिवासी पाऊस आणि थंडी पाहून प्रथम शेकोटी पेटवतात आणि सर्वांना जवळ घेतात. हे सारे “आम्ही” या सर्वनामाने सांगितले आहे. परंपरेनुसार हे सांगणारा लूक होय, आणि कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पाण्यातून काढलेल्या माणसाला ऊब द्यावी, हा नियम आजच्या वैद्यकातही कायम आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकानेही बुडालेल्याचा विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, शरीरात शिरलेली शल्ये कशी काढावीत हे सांगताना, पोटात पाणी भरलेल्या माणसाचा उल्लेख येतो. त्याला डोके खाली करून दाबावे, हलवावे, ओकारी करवावी किंवा राखेच्या राशीत तोंडापर्यंत पुरावे, असा उपाय तेथे दिला आहे. घागरीवर पालथे घालणे, उलटे टांगणे या आमच्या गावच्या रीती म्हणजे मागासलेल्यांचा वेडेपणा नव्हे. त्यांच्या मागे असा जुना विचार आहे. अलीकडे मोबाइलवरून फिरणारी, बुडालेल्याला मिठाच्या ढिगात झाकून ठेवल्यास तो जिवंत होतो ही अफवाही त्या राखेच्या राशीचीच दूरची नातेवाईक वाटते. या सर्वांमागचा समज एकच : माणूस पोटात गेलेल्या पाण्याने मरतो, म्हणून पाणी काढले की तो जगेल.

तो समज चुकीचा आहे. बुडणारा बरेचसे पाणी गिळतो, ते जठरात जाते आणि तेथे त्याच्या जिवाला तत्काळ धोका नसतो. फुप्फुसात शिरणारे पाणी बहुधा थोडेच असते. परंतु तेवढ्यानेही श्वास तुटतो, रक्तातला प्राणवायू संपतो, आधी भान जाते, मग श्वास थांबतो आणि त्यानंतर काही मिनिटांनी हृदय थांबते. प्राणवायूवाचून चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे काठावर येणाऱ्याला पाणी काढून घेण्याची नव्हे, श्वास मिळण्याची निकड असते. उलट पोट दाबले तर जठरातले अन्नपाणी वर येऊन फुप्फुसात शिरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

ॲमस्टरडॅमचे कालवे, लंडनची थेम्स

युरोपातही अठराव्या शतकापर्यंत बुडालेल्याला पिंपावर घालून लोळवणे, उलटे टांगणे हेच चाले. १७४० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांना तोंडाने श्वास द्यावा, अशी शिफारस केली. १७४४ साली विल्यम टॉसाक या स्कॉटिश शल्यवैद्याने कोळशाच्या खाणीत गुदमरलेल्या एका कामगाराला आपण तोंडाने श्वास देऊन कसे वाचवले, याची हकिकत छापली. १७६७ साली कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. वैद्याची वाट न पाहता सामान्य नागरिकानेच उपचार सुरू करावेत, हा तिचा मोठा विचार. त्यानंतर व्हेनिस, मिलान, पॅरिस येथे तशीच व्यवस्था झाली. १७७४ साली विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या वैद्यांनी लंडनमध्ये जी संस्था काढली, तीच पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. या संस्था बुडालेल्याला वाचवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना बक्षिसे देत. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रेताला हात लावला तर आपल्यावरच बालंट येईल, असे भय लोकांना वाटे. ते भय आमच्याकडे आजही आहे. “पोलीस येऊ द्या, मग बघू” हे वाक्य कोणत्या वाचकाने ऐकलेले नाही?

या संस्थांच्या उपचारांत ऊब आणि तोंडाने श्वास हे योग्य उपाय होते. शिवाय रक्त काढणे आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हेही होते. धुरामुळे आतडी चेतून जीव परत येतो, अशी तेव्हाच्या भल्या भल्या वैद्यांची समजूत होती. त्यासाठी भाता आणि नळ्यांची पेटी थेम्सच्या काठी ठेवलेली असे. १८११ साली बेंजामिन ब्रॉडी यांनी तंबाखूतील द्रव्य जनावरांच्या जिवावर उठते हे प्रयोगाने दाखवले आणि तो प्रकार मागे पडला. आमच्या गावकऱ्यांच्या घागरीला हसण्यापूर्वी लंडनच्या वैद्यांचा हा धूर आठवावा.

दुर्दैव असे की, धुराच्याही आधी श्वासच मागे पडू लागला होता. १७७० च्या दशकात प्राणवायूचा शोध लागला. तेव्हा विद्वानांनी तर्क केला की उच्छ्वासातली हवा वापरलेली, म्हणून निरुपयोगी. त्यात परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याची किळस होतीच. तोंडाच्या जागी भाता आला. भात्याने फुप्फुसे फाटण्याचा धोका दिसल्यावर तोही गेला. मग सुमारे शंभर वर्षे हाताने छाती हलवण्याच्या पद्धतींची रांग लागली. १८५६ साली मार्शल हॉल यांनी शरीर कुशीवर लोळवण्याची पद्धत सांगितली. १८५८ साली सिल्व्हेस्टर यांनी उताणे निजवून हात डोक्याकडे ओढण्याची सांगितली. १९०३ साली शेफर यांनी पालथे घालून पाठ दाबण्याची, तर १९३२ साली डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांनी पाठ दाबून कोपर उचलण्याची. यांतील शेवटच्या दोन पद्धती शाळा, बालवीर पथके, पोलीस आणि नौदल यांच्या पुस्तकांतून जगभर गेल्या. आमच्या सेमिनरीतल्या पुस्तकातली चित्रे त्याच वंशातली.

रामदास आणि नंतर

मराठी मनात जलसमाधी म्हटले की १७ जुलै १९४७ हा दिवस उभा राहतो. त्या गुरुवारी, गटारी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती. काश्याच्या खडकाजवळ, वादळी वाऱ्यात आणि लाटांत, ती एका बाजूला कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ असूनही तिला दुपार उलटेपर्यंत बातमी कळली नाही. जे थोडे वाचले त्यांतले काही स्वतः पोहत गेले, आणि पुष्कळांना रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपल्या मचव्यांवर ओढून घेतले.

या दुर्घटनेकडे वैद्यकाच्या इतिहासातून पाहिले तर मन आणखी खिन्न होते. १९४७ साली ज्ञान आणि साधने अशा अवस्थेत होती की त्या दिवशी मचव्यावर एखादा निष्णात डॉक्टर असता, तरी त्याने बहुधा पाठच दाबली असती. योग्य उत्तर परत येण्यास आणखी दहा वर्षे लागणार होती.

ते परत आणले दोघा भूलतज्ज्ञांनी. जेम्स इलॅम यांनी १९५४ साली दाखवले की, उच्छ्वासातल्या हवेत दुसऱ्याला जगवण्याइतका प्राणवायू असतो. विद्वानांचा जुना तर्क चुकीचा होता. व्हिएन्नात जन्मलेले पीटर साफर त्या काळी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे होते. त्यांनी १९५७ च्या सुमारास स्वयंसेवकांना औषधाने श्वास थांबलेल्या अवस्थेत ठेवून जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना केली. त्यात दिसून आले की, बेशुद्ध माणसाची मान सरळ राहिली तर जीभ मागे पडून वाट बंद होते. डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की वाट उघडते. पाठ दाबण्याने पुरेशी हवा आत जातच नाही. तोंडाने फुंकलेली हवा मात्र जाते, आणि हे काम शिकवल्यास कोणीही सामान्य माणूस करू शकतो. १९६० साली त्याच शहरात कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त खेळते ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांतले कूवेनहोवेन हे वैद्य नव्हते, विद्युत अभियंते होते. श्वास आणि छातीदाब यांचा संगम झाला, आणि आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो ते जन्मास आले.

त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे ओस्मुंड लेर्डाल यांनी ही विद्या शिकवण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. काही वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा लहान मुलगा बुडता बुडता वाचला होता. पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला मुखवटा त्यांनी बाहुलीच्या चेहऱ्यासाठी निवडला. त्या मुखवट्याची कथा खरी की आख्यायिका, याबद्दल वाद आहे. जिला कोणी श्वास देऊ शकले नाही असे मानले जाते, तिच्या चेहऱ्यावर लाखो लोक श्वास देण्याचा सराव करतात, एवढे मात्र खरे.

दवाखान्यातील उपचारही याच काळात बदलले. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली असता वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हातातली पिशवी दाबून रुग्णांना दिवसरात्र श्वास दिला, आणि त्यातून अतिदक्षता विभागाची कल्पना पक्की झाली. बुडालेल्याच्या फुप्फुसाचे सूक्ष्म कप्पे पाण्याने मिटतात. ते उघडे ठेवण्यासाठी दाबासह प्राणवायू देणारी यंत्रे आली. समुद्राचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी यांनी होणारी इजा वेगळी, म्हणून उपचारही वेगळे, असे कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे पूर्वी शिकवले जाई. जेरोम मॉडेल आदी वैद्यांनी १९६० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासातून दिसले की, माणसाच्या बाबतीत हा भेद उपचाराच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नाही. खरी गोष्ट आहे ती किती वेळ श्वास तुटला ही. लोणारच्या खारट सरोवराच्या आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हांला हे समजणे सोपे आहे : पाणी कसेही असो, फुप्फुसाला ते परकेच.

श्वासाला विटाळ

एवढे ज्ञान हाती असताना ते आमच्या काठापर्यंत का पोहोचले नाही? साधनांची वाण हे एक उत्तर. पण श्वास द्यायला साधन लागत नाही. आमच्या मते दुसरे उत्तर अधिक कठीण आहे. युरोपात किळस आड आली; आमच्याकडे त्याहून खोल गोष्ट आड येते. आमच्या समाजात उष्टे आणि विटाळ हे शब्द आईच्या दुधाबरोबर शिकवले जातात. ज्याच्या हातचे पाणी वर्ज्य, त्याच्या तोंडाला तोंड कसे लावावे? परस्त्रीच्या, परपुरुषाच्या तोंडाला कसे लावावे? लोक काय म्हणतील? बुडणारा खाली जात असतानाच काठावरच्या मनात हे प्रश्न चालू असतात, आणि हात घागरीकडे वळतात, कारण घागरीला जात नाही.

खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखामेळा सागर असे नाव आहे. चोखोबांचा जन्म याच जिल्ह्यातील मेहुणा राजा येथे झाला, असे मानतात. ज्या संताला स्पर्शाच्या भयाने मंदिराबाहेर ठेवले गेले, त्याच्या नावाच्या पाण्यातून वर आलेल्या माणसाला स्पर्शाच्या संकोचाने श्वास नाकारला जावा, ही विसंगती आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या आमच्या घरांतही हा संकोच पुरता गेलेला नाही. जखमी परक्याला आपल्या हातांनी उचलणाऱ्या शोमरोनी माणसाचा दाखला एकाच शुभवर्तमानात येतो, आणि ते शुभवर्तमान परंपरेने त्याच वैद्य लूकचे मानले जाते.

आजची स्थिती

नौकांचे अपघात थांबलेले नाहीत. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच अमरावती विभागात, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. ते दशक्रियेच्या विधीसाठी आलेले आप्त होते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचा अंत झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांतील फार मोठा वाटा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला.

व्यवस्थाही वाढल्या आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. बुलढाण्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. ही मोठी गोष्ट आहे. तरीही रुग्णवाहिका कितीही वेगाने आली, तरी धरणाच्या काठावर ती पहिल्या चार-सहा मिनिटांत पोहोचणे कठीण. तेवढा वेळ काठावरच्या माणसाचाच असतो.

बुडण्याची शास्त्रीय व्याख्या २००२ साली एका जागतिक परिषदेत ठरली. परिषद भरली होती ॲमस्टरडॅमला, जेथे १७६७ साली पहिली संस्था निघाली होती. पाण्यात गेल्यामुळे श्वसनात बाधा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे, असे तेथे ठरले. या व्याख्येत पोटाचा उल्लेख नाही, पाण्याच्या मापाचा नाही. मरण हाच तिचा शेवट असेल असेही नाही. ती प्रक्रिया मध्येच थांबवता येते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या प्रवासाने माणूस श्वासापाशी परत आला.

म्हणून वाचकांसाठी थोडके लिहितो. पोहता येत नसेल तर पाण्यात उडी घेऊ नये. दोर, काठी, लुगडे, बूच लावलेला रिकामा डबा फेकावा. वर काढलेल्याला टणक जागी उताणे निजवावे आणि कोणाला तरी १०८ ला कळवायला सांगावे. तो श्वास घेत नसेल तर पोट दाबण्यात, उलटे धरण्यात, मीठ आणण्यात एक क्षणही घालवू नये. डोके मागे झुकवावे, हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरावे, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल इतका श्वास द्यावा. युरोपचे तज्ज्ञ आरंभी पाच श्वास सांगतात, अमेरिकेचे दोन. श्वासाचा पहिला मान बुडालेल्याच्या बाबतीत दोघांनाही मान्य आहे. त्यानंतर छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास, पुन्हा तीस आणि दोन, मदत येईपर्यंत. ओकारी झाल्यास कुशीवर वळवून तोंड पुसावे आणि पुन्हा सुरू करावे. शुद्धीवर आला तरी ओले कपडे काढून ऊब द्यावी आणि दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. अर्थात वाचून हे हात शिकत नाहीत. बाहुलीवर, जाणकाराच्या देखरेखीखाली, एकदा तरी करून पाहावे लागते.

आमच्या धर्मग्रामात आता दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक रविवार यासाठी राखलेला असतो. मिस्सेनंतर मंदिराच्या अंगणात सतरंजी अंथरली जाते, आरोग्य खात्यातील एक परिचारिका बाहुली घेऊन येतात आणि मुले, बायका, मासेमार रांगेने बसतात. पहिल्या वर्षी तोंडाला तोंड लावायला कोणी पुढे येईना. बाहुली असूनही लोक हसले, लाजले, पदर तोंडाशी धरला. मग एक मासेमार उठला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने श्वास दिला. त्याचा मुलगा त्या दिवशी डोंग्यात होता. अंगणात कोणी हसले नाही.

त्याच्या पाठोपाठ आम्ही बसलो. पवित्र तेलाची कुपी आजही आमच्या खिशात असते आणि असेलच. मरण निश्चित झाले नसेल तेथे रुग्णाभ्यंग द्यावा, असे धर्मसभेचा कायदाच सांगतो. परंतु आता आम्हांला क्रम ठाऊक आहे. आधी श्वास, आणि दुसरे कोणी श्वास द्यायला तयार असेल, तेव्हाच तेल.